रेवदंड्याची तटबंदी आणि कोर्लईची प्रार्थना

कुंडलिका नदी रायगड जिल्ह्यात जिथे अरबी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या मुखाशी दोन गावे समोरासमोर उभी आहेत. उत्तरेच्या काठावर रेवदंडा आणि दक्षिणेच्या काठावर, समुद्रात घुसलेल्या एका लांबट डोंगराच्या पायथ्याशी, कोर्लई. रेवदंड्याच्या पाठीशी नारळी-पोफळीच्या वाड्यांत लपलेले चौल या दोघांहून कितीतरी जुने. ग्रीक भूगोलकारांनी त्याला सिमिल्ला म्हटले, कान्हेरीच्या शिलालेखात ते चेमुल या नावाने आले, अरब प्रवाशांच्या तोंडी त्याचे सैमूर झाले. पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘चौल’ म्हणजे मात्र प्रामुख्याने आजचे रेवदंडा होय. निजामशाहीचे ते ‘वरचे चौल’ आणि पोर्तुगिजांचे ते ‘खालचे चौल’, अशी ही जोडगावे दोन धर्मांच्या आणि दोन राजवटींच्या छायेत, कधी भांडत तर कधी व्यापार करीत, एकमेकांच्या शेजारी नांदली. रॅल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ साली येथून गेला. त्याच्याही नजरेतून हे दुहेरीपण सुटले नाही.

वसईच्या किल्ल्यात जाऊन आलेला आपला वाचक रेवदंड्यात उतरला की त्याला सारे ओळखीचे वाटते. तोच दगड, तोच चुना, भिंतीत मुळे रोवून बसलेले तेच वड-पिंपळ. हिवाळ्यातील एका मोकळ्या दिवशी आम्ही चौघे मित्र तेथे गेलो, तेव्हा आमच्याही मनात प्रथम वसईच आली. आमच्यातील दोघे धर्मगुरू, सेमिनरीच्या बाकावरचे जुने सोबती. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सारे ‘सर’ म्हणतो. आणि चौथे बागायतदार, ज्यांचे लक्ष पुराणवस्तूंपेक्षा पोफळीच्या झाडांकडे अधिक होते. गेटवेहून लाँचने मांडवा, तेथून अलिबाग, नागाव, चौल असा प्रवास झाला. घाई कसलीच नव्हती. घाईने पाहण्यासारखे रेवदंड्यात काही नाहीही.

प्रथम आम्ही पाहिले ते एक साधे स्मारक. येथील हायस्कुलाच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ ते उभारलेले आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण त्याच्याही सुमारे पाव शतक आधी, १४७० च्या सुमारास, हा त्व्हेर नगरीचा माणूस व्होल्गा नदी, इराण आणि होर्मुझ अशा मार्गाने चौलच्या बंदरात उतरला होता. त्याच्या पाठीशी ना राजा होता, ना आरमार, ना तोफा. विकण्यासाठी आणलेला एक घोडा, एवढेच त्याचे भांडवल.

आम्हां दोघा धर्मगुरूंना निकितिनच्या कथेतील व्यापारापेक्षा दुसरीच एक गोष्ट अधिक चटका लावून गेली. हा माणूस ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचा श्रद्धावंत होता. वाटेत, आस्त्राखानजवळ, त्याच्या तांड्याची लूट झाली आणि तीत त्याची धर्मपुस्तके गेली. पुस्तके गेली म्हणजे पंचांगही गेले. पास्काचा सण नाताळासारखा ठरलेल्या तारखेला येत नाही. चांद्रमासाच्या हिशेबाने तो दर वर्षी सरकतो. जवळ पुस्तक नाही, गावात दुसरा ख्रिस्ती नाही, मग पास्का कोणत्या दिवशी आणि उपवासकाळ कधी सुरू झाला हे सांगायचे कोणी? आपल्या प्रवासवर्णनात हा सरळमार्गी व्यापारी पुन्हा पुन्हा हीच खंत व्यक्त करतो. शेजारचे मुसलमान उपवास करीत, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर उपवास धरी. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि ‘इस्लाम स्वीकारशील तर घोडा परत देईन, वर एक हजार सोन्याची नाणीही देईन’, असे सांगितले. मुदत चार दिवसांची. तेव्हा त्याच्यासाठी रदबदली करून त्याला सोडवणारा गृहस्थ खोरासानचा एक मुसलमान होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. निकितिन परतीच्या वाटेवर, आपले गाव दिसण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ वारला.

एकटा माणूस श्रद्धा किती काळ आणि कशाच्या आधारावर टिकवू शकतो, हा प्रश्न त्या स्मारकापाशी सरांनी बोलून दाखविला. दिवसभर तो आमच्यासोबत चालत राहिला.

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे तटबंदीच्या आत वसलेले गावच आहे. रस्ता तटाला भेदून आत शिरतो आणि वाड्यांच्या कुंपणांमधून अचानक एखादी प्रचंड भिंत समोर येते. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे बांधकामास प्रारंभ केला. पण त्यांचे रक्त या खाडीत त्याआधीच सांडले होते. १५०८ च्या मार्च महिन्यात इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची गलबते यांनी मिळून येथे पोर्तुगीज जहाजांना गाठले. पोर्तुगिजांचा सरदार होता पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण पुत्र, लोरेन्सो द आल्मेदा. लढता लढता त्याचे जहाज खाडीत मच्छीमारांनी रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले आणि जागचे हलेना. गोळ्याने मांडी फुटलेला लोरेन्सो डोलकाठीच्या बुंध्याशी बसून हुकूम देत राहिला आणि तेथेच पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, त्याच्या बापाने दीवच्या समुद्रात सूड उगवला आणि अरबी समुद्रावरील सत्तेचे पारडे फिरले. एवढा मोठा इतिहास कोळ्यांच्या चार खुंटांना अडखळला, याचे आमच्या बागायतदार मित्रांना फार कौतुक वाटले. जाळी बांधण्यासाठी समुद्रात खुंट रोवण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर आजही आहे.

पुढे या गावाचे नगर झाले. प्रमुख चर्च, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघीय मठ, रुग्णालय, श्रीमंतांचे वाडे. रेशमी वस्त्रांसाठी चौलची ख्याती दूरवर होती. लिन्शोटेन या डच प्रवाशाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले आहे. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने या नगराला मोठा वेढा घातला. त्याच सुमारास आदिलशहा गोव्याला भिडला होता. तो वेढा १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला, पण नगर पडले नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांनी येथे उपदेश केल्याची परंपरा आहे आणि त्यांच्या नावाने एका लहानशा प्रार्थनामंदिराचे अवशेष दाखविले जातात.

आज या साऱ्यांत उठून दिसतो तो एक मनोरा. स्थानिक लोक त्याला सातखणी म्हणतात. तो फ्रान्सिस्कन मठाचा आणि नाव संत बार्बराचे. वरचे मजले केव्हाच ढासळले; उरलेला मनोरा माडांच्या शेंड्यांतून डोके काढून उभा आहे. संत बार्बरा ही तोफखान्यावरील सैनिकांची आश्रयदाती. वीज आणि अकस्मात मृत्यू यांपासून रक्षण व्हावे म्हणून तिचा धावा केला जातो. तटावर तोफा आणि मठावर तोफखान्याची संतीण, असे हे नगर होते. आम्ही धर्मगुरू असल्यामुळे आम्हांला हे लिहिताना संकोच वाटावा, असे काहींना वाटेल. पण ज्या काळी क्रूस आणि तोफ एकाच जहाजातून उतरले, त्या काळाचे मूल्यमापन आपणच प्रांजळपणे करायला हवे. ते इतरांवर सोपवून चालणार नाही. उत्तरेच्या पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली, ही गोष्ट आपल्या वसईकरांना ठाऊक आहे. त्या भग्न मठांत उभे राहून गतवैभवाबद्दल उसासे टाकावेत, असे आम्हांला मुळीच वाटले नाही. डोमिनिकन चर्चच्या वेदीवरील कमानदार छताचे कोरीव काम पाहून मात्र मन हेलावले. तो दगड घडविणारे हात येथलेच असणार.

या नगराचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात १६६१ च्या करारान्वये मुंबई इंग्लंडकडे गेली आणि चौलच्या नशिबाचा कौल तेव्हाच फिरला. मुंबईचे बंदर खोल आणि सुरक्षित; हळूहळू व्यापारी तिकडे वळले, चौलचे विणकरही तेथे स्थायिक होऊ लागले. मग मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चौल एकाकी पडले. १७४० मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला. मराठ्यांनी गोव्यातील व्यापलेला मुलूख सोडावा आणि त्या मोबदल्यात पोर्तुगिजांनी चौल व कोर्लई द्यावे, असे ठरले. मठांतील संन्यासी, अधिकारी, धनिक घराणी जहाजांत बसून निघून गेली. घंटा थांबल्या.

दुपार झाली होती. एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि सोलकढी असा बेत मिळाला. त्या मासळीवरून गोष्ट निघाली ती बेने इस्राएलांची, कारण रेवदंड्यात त्यांचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ आहे. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज याच किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ, जहाज फुटून आले. पुस्तके समुद्रात बुडाली. पिढ्यान्पिढ्या हे लोक तेल गाळीत राहिले, मराठी बोलत राहिले; पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. हिब्रू भाषेतील एकच प्रार्थना, ‘शेमा’, त्यांच्या ओठांवर उरली होती. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाला त्यांच्याविषयी शंका आली. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे टाकले, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, अशी कथा आहे. लेवीय ग्रंथातील नियम पुस्तकाविना चुलीपाशी जिवंत राहिला होता! १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांच्यातील जुन्या माणसांनी मराठी सोडली नाही. रहाबीच्या कसोटीत बोंबील उतरला असता की नाही, यावर सर आणि बागायतदार यांच्यात बराच वेळ वाद चालला.

निकितिन एकटा होता, त्याचा पास्का हरवला. बेने इस्राएल समाज म्हणून राहिले, त्यांचा शब्बाथ टिकला. मग १७४० नंतर येथे मागे राहिलेल्या ख्रिस्ती माणसांचे काय झाले? त्याचे उत्तर खाडीच्या पलीकडे होते.

पुलावरून पलीकडे गेलो. कोर्लईचा डोंगर दुरून एखाद्या पहुडलेल्या मगरीसारखा दिसतो. पोर्तुगिजांनी त्याला ‘मोरो दे चौल’ म्हटले. निजामशहाने १५९४ साली या डोंगरावर किल्ला उभारला, खाडीच्या तोंडावर पोर्तुगीज जहाजांना धाक बसावा म्हणून. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगिजांनी तो जिंकून घेतला. दीपगृहाच्या बाजूने आम्ही वर चढलो. किल्ला अरुंद आणि लांब. एकामागून एक दरवाजे, भग्न चर्च, गंजलेल्या तोफा आणि दोन्ही बाजूंना पाणी. वारा अंगाला झोंबत होता. येथून रेवदंड्याची सारी तटबंदी एका नजरेत येते, आणि ती किती निरुपयोगी ठरली हेही.

खाली उतरून गावात शिरलो. हे गाव पाहण्यासाठी खरे म्हणजे आम्ही आलो होतो. तहानंतर धनिकांबरोबर जाण्यासाठी ज्यांच्यापाशी ना जहाज होते ना गोव्यात वाडा, ती माणसे येथेच राहिली. अभ्यासकांच्या मते, सामान्य पोर्तुगीज शिपायांनी येथील स्त्रियांशी संसार केले, त्या संसारांची ही संतती. त्यांत नोकर-चाकर आणि गुलामही मिसळले होते. रेवदंड्याच्या भव्य चर्चमध्ये हे लोक पुढच्या बाकांवर खचितच बसत नसणार. ज्यांच्या नावाचे शिलालेख तिकडे कोरले गेले ते निघून गेले, आणि ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत त्यांनी खाडीच्या या काठावर पवित्र माला हाती धरून ठेवली. कोर्लईचे चर्च माउंट कार्मेल मातेला वाहिलेले आहे. मराठी राज्य येथे १८१८ पर्यंत होते. त्या पाऊण शतकात हा समाज नाहीसा झाला नाही, याचे श्रेय त्याच्या श्रद्धेला आहे, तसेच शेजाऱ्यांना आणि राज्यकर्त्यांनाही आहे. वसईतही हेच घडले; ते आपण पुरेशा कृतज्ञतेने आठवत नाही, असे आमचे मत आहे.

त्यांनी श्रद्धेबरोबर भाषाही राखली, हे कोर्लईचे वेगळेपण. आपण वसईकर कादोडी बोलतो, वाडवळी बोलतो; पोर्तुगीज आपल्याकडे उरली ती चावी, साबण, पगार, पाव, घमेले अशा शब्दांपुरती, आणि ते तर साऱ्या महाराष्ट्राचेच आहेत. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत मात्र पोर्तुगिजांवरून घडलेली एक स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. तिचे बोलणारे हजाराच्या आसपास. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात. अर्थ एवढाच की ‘आपली भाषा’. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सखोल अभ्यास केला आणि १९९६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा एक निष्कर्ष आम्हांला विलक्षण वाटतो: या बोलीतील शब्द पुष्कळसे पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची चाल मराठीची झाली आहे. लिस्बनचा माणूस क्रियापद मधे घालील. कोर्लईचा माणूस ते आपल्यासारखे शेवटी ठेवतो. शब्द बापाकडचे आणि बोलण्याची ढब आईकडची, असे सरांनी त्याचे वर्णन केले. आमच्या मते व्याकरणाच्या पुस्तकांनाही ते साधले नसते.

ही बोली तगली ती ख्रिस्ती घरांच्या घट्ट वस्तीमुळे, आपसांतील सोयरिकींमुळे आणि चर्चमुळे. पोर्तुगीज राजाच्या धर्मसंरक्षणाखालील ‘पाद्रुआद’ व्यवस्थेतून पुढेही बराच काळ पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येथे येत राहिले. मग दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) झाली आणि उपासना लोकभाषेत आली. आमच्या पिढीचे धर्मगुरू या निर्णयाचे अपत्य आहेत. मराठीतून पवित्र मिस्सा अर्पण करताना आम्हांला आजही आनंद होतो. पण कोर्लईत उभे राहिल्यावर एक अवघड प्रश्न पडतो. येथली लोकभाषा कोणती? जिल्ह्याची, शाळेची, बाजाराची भाषा मराठी. वेदीवर तीच आली आणि ते योग्यच झाले, कारण या लोकांना बाहेरच्या जगात मराठीनेच उभे राहायचे आहे. घरातली प्रार्थना मात्र दुसऱ्या शब्दांत शिकलेली. ज्या सुधारणेने आम्हांला आमची भाषा दिली, तिनेच या गावाच्या बोलीचा एक टेकू काढून घेतला. तरुण मुले नोकरीसाठी मुंबईला जातात, लग्ने गावाबाहेर होतात, आणि उरलेले टेकूही हलू लागतात. बोली जपा म्हणून बाहेरून उपदेश करणे सोपे आहे. ज्याला नोकरी शोधायची आहे त्याला तो उपदेश कोणत्या तोंडाने करावा, हे आम्हां दोघा धर्मगुरूंना त्या संध्याकाळी उमगले नाही.

चर्चच्या अंगणात ऊन कलले होते. एक वृद्ध बाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. आमचे झगे पाहून त्या उठल्या, ‘या फादर’ म्हणाल्या आणि स्वच्छ मराठीत विचारपूस केली. नातवंडांशीही त्या मराठीतच बोलत होत्या. सरांनी विचारले, “मावशी, आपली भाषा कधी बोलता मग?” त्या म्हणाल्या, “शेजारणीशी बोलते की. देवाशी बोलते.” एवढ्यात दोन कोंबड्या सुपाकडे धावल्या आणि त्यांनी हात उगारून त्यांना नॉ लिंगमध्ये चांगलेच सुनावले. आम्ही हसलो, तेव्हा त्याही हसल्या आणि म्हणाल्या, “त्यांना कुठं मराठी कळतंय?”